गिअरची कार शिकावी की ऑटोमॅटिक?

"मावशी, ऑटोमॅटिकचं लायसन वेगळं काढावं लागते का?" भाचीनं विचारलं. नाही गं. आपल्याकडे कारचं लायसन एकच, एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटार वाहनाचं. गिअर आणि बिनगिअर हा भेद फक्त दुचाकीला. तिच्याकडे बिनगिअर स्कूटरचं लायसन होतं, म्हणून तिला ही शंका आली.

मग प्रश्न उरतो तो शिकण्याचा. माझं मत पक्कं आहे: हातपाय धड असतील तर आधी गिअरची कार शिका. गिअरवर तयार झालेला माणूस ऑटोमॅटिकवर अर्ध्या तासात रुळतो. उलटं होत नाही. रात्री-बेरात्री शेजाऱ्याची गाडी काढून कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर ती गाडी गिअरची असू शकते.

लर्निंग लायसन ६ महिने चालतं, पक्क्या लायसनची टेस्ट ३० दिवसांनंतर देता येते. तो महिना क्लचसाठी, म्हणजे डाव्या पायाच्या पेडलसाठी ठेवा. मी भाचीला रविवारी सकाळी सहाला नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या चढावावर नेलं. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, आणि क्लच अगदी सावकाश सोडत यायचं. एका जागी इंजिनचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं, तळपायाला बारीक थरथर लागते. पाय तिथेच धरायचा. थोडी रेस द्यायची, मगच हँडब्रेक सोडायचा. तीनदा गाडी बंद पडली. मागे एक दूधवाला थांबला होता, त्यानं एकदाही हॉर्न दिला नाही. चौथ्यांदा गाडी मागे न सरकता वर गेली, आणि पोरीचे डोळे भरून आले.

माझ्या मोठ्या बहिणीला मात्र मी सरळ ऑटोमॅटिकवर बसवलं. तिचा डावा गुडघा दुखतो, क्लच दाबणं म्हणजे छळच. ऑटोमॅटिकमध्ये डाव्या पायाला काम नाही. तो बाजूला टेकवून ठेवायचा, ब्रेकवर न्यायचा नाही. ब्रेक सोडला की बहुतेक ऑटोमॅटिक गाड्या रेस न देताही पुढे सरकतात, हे पहिल्याच दिवशी पाहून घ्या.

मुलं ब्रिटनला जाणार असतील तर हिशेब वेगळा. तिथे राहायला गेल्यापासून १२ महिने आपलं लायसन चालतं, पुढे तिथली टेस्ट द्यावी लागते. ती ऑटोमॅटिकवर दिली तर फक्त ऑटोमॅटिक चालवता येते. गिअरच्या गाडीवर दिली तर दोन्ही.

आणि इथल्या टेस्टला गाडी आपणच न्यायची असते. ज्या गाडीवर हात बसलाय तीच न्या, आदल्या दिवशी तिच्यावरच रिव्हर्सचा सराव करा.