एक ते दोन वर्षांच्या बाळाला शिकवायचं कसं

पहिला वाढदिवस झाला रे झाला की जो भेटेल तो विचारतो, चालायला लागली का, बोलते का, आमचा तर अकराव्या महिन्यात पळत होता. मग आपण घाबरून फ्लॅशकार्ड मागवतो, मोबाईलवर एबीसीडी लावून देतो. मला मनापासून वाटतं की ह्या वयात मुलाला वेगळं बसवून शिकवायची काही गरजच नसते, आपण जे काम करतोय त्यात त्याला घ्यायचं, बोलत राहायचं आणि मग थांबायचं. हे थांबणंच आपल्याकडून राहून जातं.

आमची धाकटी १७ महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. पोळ्या करताना सारखी पायात यायची म्हणून तिला गॅसपासून लांब बसवून कणकेचा गोळा आणि एक वाटी दिली. गोळा वाटीत टाकायचा, काढायचा, परत टाकायचा, कितीतरी वेळ हेच, फरशीभर कणीक झाली. पण आत-बाहेर, रिकामं-भरलेलं हे ती हाताने शिकत होती. मी विचारलं, "गोळा कुठे गेला?" आणि गप्प बसले, मनात पाचपर्यंत मोजलं. तिने माझ्याकडे बघितलं, वाटीकडे बघितलं आणि बोट दाखवून म्हणाली, "आत". मीच पटकन सांगून टाकलं असतं तर तिला बोलायला जागाच उरली नसती. असा एक शब्द आला की आपण त्यात थोडी भर घालायची, "हो, वाटीच्या आत गेला!" बस.

चुका काढत बसू नका. गाय, शेळी, मांजर सगळंच भूभू असतं कारण चार पाय दिसले की भूभू असा हिशोब पिल्लाने स्वतःच्या डोक्याने लावलेला असतो, आपण फक्त म्हणायचं, "ही हम्मा, शिंगं बघ". मुलांना बोलता येतं त्याच्या कितीतरी आधी कळत असतं. साधारण दीड वर्षाला आई-बाबा सोडून तीनेक शब्द आणि दोन वर्षांपर्यंत "दुदू दे", "बाबा गेले" असं दोन शब्द जोडून बोलणं यायला हवं. मम्म, भुर्र हेही शब्दच धरा, आणि घरात मराठी, शेजारी हिंदी असेल तर दोन्हीकडचे मिळून मोजा, दोन भाषांमुळे बोलणं अडत नाही.

चालणं ८ ते १८ महिन्यांत कधीही येतं. बसायचा चाकांचा वॉकर मात्र नकोच, त्यात मुलं जिन्यावरून पडतात, कॅनडाने तर २००४ मध्ये त्याच्यावर बंदीच घातली. आपला लाकडी पांगुळगाडा बरा, त्यात मूल स्वतःच्या पायावर उभं राहून ढकलतं, फक्त सोबत आपण हवं. मोबाईलचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको. लांबच्या आजीशी व्हिडिओ कॉल मात्र चालेल.

हट्ट, आडवं पडून रडणं ह्याच वर्षात सुरू होतं, कारण हवं ते कळतं पण सांगता येत नाही. ओरडून काही होत नाही. जवळ बसा, "राग आला ना, अजून खेळायचं होतं ना" असं त्याच्या वतीने आपण बोला, आणि एरवीही लाल फ्रॉक की पिवळा असं निवडायला द्या, बराच फरक पडतो.

१८ महिन्यांपर्यंत चालत नसेल, बोट दाखवून काही दाखवत नसेल, हाकेला बघत नसेल किंवा येत असलेले शब्द बोलायचं बंद झालं असेल तर "मुलगे उशिराच बोलतात" म्हणून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा आणि कानाची तपासणी मागून घ्या. १६ ते २४ महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांच्या लसीचा) बूस्टर असतोच, तेव्हाच विचारा. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम येते, ती तपासणी फुकट असते आणि गरज वाटली तर तेच पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे वाढीत अडचण असलेल्या मुलांवर लवकर उपचार होतात तिथे, पाठवतात.