कोल्हापुरातून ओहोटीला निघताना: समुद्री गोगलगाय ओळखण्याची तयारी

आधी कॅलेंडरात तिथी बघा, मग गाडीचं ठरवा. कवच नसलेल्या समुद्री गोगलगायी खडकांच्या डबक्यात सापडतात त्या पाणी पार मागं हटल्यावर, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकणातला जुना हिशेब. पौर्णिमेला भरती सव्वाअकराच्या सुमाराला, तर ओहोटी पाच-साडेपाचला. तरी भरती-ओहोटीचा तक्ता एकदा ताडून घ्या. पहाटेची ओहोटी धरायची असेल तर अंधारात आंबा घाट उतरण्यापेक्षा आदल्या दिवशीच रत्नागिरीला मुक्काम टाकलेला बरा. पावसाळ्यात हा बेतच नको.

पायात चांगली पकड असलेले बंद बूट हवेत. कापशी चप्पल कितीही करकरीत असली तरी कालवांच्या धारेपुढं तिचं काही चालत नाही. पिशवीत छोटी प्लास्टिकची मोजपट्टी, पेन्सिल-वही, टॉर्च आणि काळी छत्री घ्या. छत्री उन्हासाठी नव्हे, डबक्यावरची चकाकी मारायला.

खरी तयारी फोटोची. नवखा माणूस रंगावर भाळतो आणि तिथंच फसतो, कारण एकाच जातीत रंग फिके-गडद होतात. वरून एक फोटो काढलात की दुसरा डोक्याचा, तिसरा पाठीच्या मागच्या टोकाचा, चौथा बाजूनं कडेचा काढा. डोक्यावरची दोन शिंगं वास घेण्यासाठी असतात. ती गुळगुळीत आहेत, कंगोऱ्यांची आहेत की गुंडाळल्यासारखी, ते दिसलं पाहिजे. मागं कल्ल्यांचा फुलासारखा झुबका असेल तर डोरिड गट. पाठभर बोटांसारखे फुगीर झुपके असतील तर एओलिड. दोन्ही नाही, अंग कागदासारखं पातळ आणि शिंगांच्या जागी पुढच्या कडेचीच घडी, तर ती गोगलगाय नव्हे, चपटा कृमी. डोरिप्रिस्मॅटिका अट्रोमार्जिनाटा ही दुधी रंगाची, नागमोडी कडेवर काळी रेघ असलेली. जोरुना फ्युनेब्रिस पांढरी, अंगावर काळी कडी. ही दोन नावं आधीच डोक्यात ठेवा, तुलनेला कामी येतात.

प्राणी पाण्यातच राहू द्या. बाहेर काढला की गोळा होतो, डोरिड तर कल्ले आत ओढून घेतो आणि नेमकी खूणच जाते. हातही लावू नका: काही जाती खाल्लेल्या स्पंजातलं (खडकाला चिकटून राहणारा साधा समुद्री प्राणी) विष अंगात साठवतात, एओलिड तर भक्ष्याच्या दंशपेशी राखून ठेवतात. दगड उलटलात तर होता तसाच परत ठेवा.

वहीत लांबी मिलिमीटरमध्ये लिहा, आणि गोगलगाय कशावर बसली होती तेही: स्पंज, शेवाळ की हायड्रॉइड (बारीक झुडपासारखा दिसणारा, दंश करणारा समुद्री प्राणी). बऱ्याच जाती ठरावीक खाद्यावरच सापडतात, त्यामुळं ही एक ओळ कधीकधी फोटोपेक्षा जास्त सांगून जाते. पाणी फिरलं की लगेच माघारी वळा. घरी येऊन जुळवताना कल्ल्यांचा फोटो नसेल तर शास्त्रीय नावाचा पहिलाच शब्द लिहा, दुसऱ्याची जागा मोकळी सोडा.