वेळापत्रक कागदावरच राहतं? टीम लीडनी या चुका टाळा

"नव्वद टक्के झालंय." सोमवारच्या स्टँडअपला, म्हणजे टीमच्या छोट्या बैठकीत, ऐकलं, गुरुवारी ऐकलं, पुढच्या सोमवारीही तेच. सांगणारा डेव्हलपर पोरगा खोटं बोलत नसतो. त्याने लिहायचा तेवढा कोड लिहिलेला असतो. उरलेले दहा टक्के दुसऱ्याच कुणाच्या तरी टेबलावर पडलेले असतात.

माझ्याच एका प्रोजेक्टचं सांगतो. एका बँकेच्या सर्व्हरला आमचं पेमेंट जोडायचं होतं. एक्सेलमध्ये मी एकच ओळ टाकली : 'बँक जोडणी – ५ दिवस'. जोडणीचं काम खरंच दोन दिवसांचं होतं. पण त्याआधी आमचा आयपी (आमच्या सर्व्हरचा नेटवरचा पत्ता) त्यांच्याकडे व्हाइटलिस्ट, म्हणजे परवानगीच्या यादीत, व्हायला हवा, त्यासाठी सहीशिक्क्याचा अर्ज हवा, आणि तो अर्ज कोणी करायचा हे ठरलंच नव्हतं. डेव्हलपरला वाटलं मी केलाय, मला वाटलं क्लायंटने. शेवटी अर्ज गेला आणि परवानगीला ११ दिवस लागले.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे. ज्या कामात बाहेरच्या माणसाची वाट बघायची आहे, त्या वाट बघण्याला शीटमध्ये स्वतंत्र ओळ द्यायची आणि तिच्यापुढे आपल्यातल्या एकाचं नाव लिहायचं. 'टीम' असं लिहिलंत तर कोणीच फोन करणार नाही.

मग साखळ्या मोजा, म्हणजे एक संपल्याशिवाय दुसरं सुरू होत नाही अशा कामांचे दिवस. आमचंच गणित घ्या. डिझाइन ४ दिवस, स्क्रीन ६, टेस्टिंग ४ : झाले १४. दुसरीकडे परवानगी ११, जोडणी २, तेच टेस्टिंग ४ : झाले १७. प्रोजेक्ट १७ दिवसांचाच. स्क्रीनवर आणखी दोघं बसवले तरी एक दिवससुद्धा वाचत नाही. सगळ्यात लांब साखळी शोधायची ही रीत, म्हणजे क्रिटिकल पाथ, ड्युपाँट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांनी १९५७ च्या सुमारास बसवली. आज ती हाताशी असूनही आपण 'कोण रिकामं आहे' एवढंच बघून काम वाटतो.

उशीर झाला की साहेब माणसं वाढवतात. आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय, की रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर माणसं वाढवली तर तो आणखी रखडतो. चार जणांत बोलायच्या जोड्या ६, सात जणांत २१. शिवाय नव्या तिघांना शिकवायला बसतो तो नेमका तुमचा सगळ्यात कामाचा माणूस.

अंदाज विचारताना एकच आकडा मागू नका. सगळं सुरळीत गेलं तर किती, साधारण किती, आणि घोळ झाला तर किती, असे तीन मागा. समजा उत्तर आलं ३, ५ आणि १३. मधल्या आकड्याची चौपट करून बाकीचे दोन मिळवा आणि ६ ने भागा : ६ दिवस. पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी अमेरिकी नौदलाने १९५८ मध्ये वापरात आणलेल्या पर्ट या नियोजनाच्या पद्धतीतलं हे सूत्र. खरं सांगायचं तर मला सूत्रापेक्षा त्या १३ मध्ये जास्त रस असतो. "१३ का रे?" असं विचारलं की मग कळतं, जुना कोड ज्याने लिहिला तो कंपनी सोडून गेलाय आणि त्या फाइलला हात लावायची सगळ्यांनाच भीती वाटते.

सुट्ट्यांचंही तसंच. कोकणातली पोरं गणपतीला थांबणार नाहीत, थांबवूही नका. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे पोराला तारीख दोन महिने आधीच पक्की माहीत असते. तुमच्या शीटला नसते, कारण तुम्ही विचारलेलं नसतं. आणि अमेरिकेतला क्लायंट असेल तर मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार कॅलेंडरवर खुणावून ठेवा. त्या दिवशी तिकडची घड्याळं सरकतात. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. दर वर्षी निदान एक मीटिंग यात वाहून जातेच.

कामं बोर्डावर मांडायला जिरा घेतलं, ट्रेलो घेतलं, कुठलंही सॉफ्टवेअर घेतलं तरी निर्णय व्हॉट्सअॅपवरच होत असतील तर बोर्ड म्हणजे निव्वळ शोभा. ग्रुपवर ठरलेलं त्याच दिवशी बोर्डावर चढवा. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा उपाय मला तरी सापडलेला नाही.

आणि गाडी आधीच घसरली असेल तर? घाबरून त्याच संध्याकाळी नवी तारीख देऊ नका. एक दिवस घ्या, लांब साखळी पुन्हा मोजा आणि त्यातलं काय मागे ढकलता येईल ते बघा. आमच्या वेळी पेमेंट आणि पावती ठेवली, रिपोर्ट बाजूला काढले. क्लायंटला मेल गेली ती दोनच ओळींची : "२० तारखेला पेमेंट आणि पावती देतो, रिपोर्ट पुढच्या महिन्याच्या ४ तारखेला. सगळं एकत्रच हवं असेल तर ४ तारीख धरा." अर्ध्या तासात उत्तर आलं, २० चालेल.