प्लसवाली हत्यारं वाटताना या चुका टाळा

कोथरूड असो की विमाननगर, डन्जन्स अँड ड्रॅगन्स या डाइस टाकून गोष्ट खेळायच्या खेळातला नवा डीएम (खेळ चालवणारा) म्हटलं की एक गोष्ट ठरलेली. पात्रं अजून तिसऱ्या लेव्हलला धड पोचलेली नसतात आणि कुणाच्या तरी कमरेला प्लस थ्रीची, म्हणजे आकड्यात तीन वाढवून देणारी जादूची तलवार लटकत असते. मग महिन्याभराने फोन येतो, 'दादा, सगळ्या लढाया दोन राउंडमध्ये संपतायत, काय करू?' तेच तेच सांगून कंटाळा आलाय, म्हणून एकदाच लिहून टाकतो. सगळं डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीबद्दल आहे.

'तीनच तर आहे!'

वीस बाजूंच्या डाइसवर एक म्हणजे पाच टक्के, मग तीन म्हणजे पंधरा टक्के, असा हिशोब करून पोरं निवांत होतात. पण हा प्लस टू-हिटमध्येही (घाव लागतो का ते ठरवणाऱ्या रोलमध्ये) मिळतो आणि डॅमेजमध्येही, आणि प्रत्येक हल्ल्याला मिळतो. पाचव्या लेव्हलचा फायटर घ्या, स्ट्रेंग्थ १८, हातात ग्रेटसोर्ड. त्याचा टू-हिट +७. समोरच्याची एसी (आर्मर क्लास, म्हणजे घाव लागायला गाठावा लागणारा आकडा) १५ असेल तर ६५ टक्के वेळा लागतो, सरासरी डॅमेज ११. म्हणजे क्रिटिकल (वीस पडल्यावरचा जादा डॅमेज) सोडून एका हल्ल्यामागे साधारण ७. त्याला +३ द्या: ८० टक्के वेळा लागतो, डॅमेज १४, हल्ल्यामागे ११ च्या वर. दीडपटीहून जास्त झालं की हे! आणि या लेव्हलला तो एका टर्नमध्ये दोनदा मारतो.

पटत नसेल तर मॅजिक वेपन हा स्पेल काढून वाचा. दुसऱ्या लेव्हलच्या स्लॉटने (स्लॉट म्हणजे स्पेल टाकायची मोजकी संधी; त्याची लेव्हल पात्राच्या लेव्हलपेक्षा वेगळी) हत्याराला फार तर तासभर +१ मिळतो. +३ हवा असेल तर सहाव्या लेव्हलचा स्लॉट लागतो, आणि तो विझर्डला स्वतः अकराव्या लेव्हलला पोचल्याशिवाय मिळत नाही. जी गोष्ट खेळ अकराव्या लेव्हलला तासाच्या बोलीवर देतो, ती तुम्ही तिसऱ्या लेव्हलला कायमची बहाल करताय.

माझ्या टेबलावर पाचव्या लेव्हलपर्यंत प्लस मिळत नाही. मागणाऱ्याने मागत राहावं. जादूची तलवार देतो, पण बिनप्लसची: अंधारात उजळते, गंजत नाही, वेअरवुल्फला जखम करते. साध्या हत्याराने, चांदी चढवलेली नसेल तर, तो हलतही नाही, म्हणून एवढ्यावरच खेळाडू खूश होतात. हत्याराचं वर्णन सुचत नसेल तर बाजीराव रोडजवळच्या केळकर संग्रहालयात एक चक्कर मारा. मनगटापासून वर हात झाकणारी दांडपट्ट्याची मूठ एकदा नीट बघितली, की पुढच्या चार तलवारी आपोआप सुचतात. पण तेवढी तंगडतोड कोण करणार? इंटरनेटवरून कुणीतरी बनवलेली 'सोल ड्रिंकर' उचलायची आणि मोकळं व्हायचं.

एसी वाढवून बरोबरी करायला जाणं

ही चूक पहिलीपेक्षा वाईट. डहाणूकर कॉलनीतल्या एका फ्लॅटवर इंजिनिअरिंगच्या पोरांचं कॅम्पेन चालायचं, मी त्यात रोग (rogue, लपूनछपून वार करणारं पात्र) खेळत होतो. डीएम तिसऱ्या वर्षाचा. पोरगा हुशार, गॉब्लिनचे आवाज तर असे काढायचा की शेजारच्या काकू दार वाजवायच्या. तिसऱ्या लेव्हलला त्याने फायटरला +३ लाँगसोर्ड दिली. का? तर 'दादा, वाढदिवस आहे ना त्याचा!' अरे, मग केक आणायचा.

दोन सेशन फायटरने एकट्याने गाजवली. मग डीएमने गुपचूप गॉब्लिनची एसी १५ वरून १८ केली. आता गंमत बघा. फायटरचा टू-हिट तलवार धरून +८, म्हणजे तो ७० टक्क्यांवरून ५५ वर आला. माझा टू-हिट +५, मी ५५ वरून ४० वर. तलवार ज्याच्याकडे होती तो मुळात जिथे असायला हवा तिथे पोचला, आणि शिक्षा झाली ती ज्यांना काहीच मिळालं नव्हतं त्यांना. क्लेरिकवाली मुलगी टर्न येईपर्यंत मोबाइलमध्ये, टर्न आला की रोल, मिस, परत मोबाइलमध्ये. शेवटी डीएमने चोर आणून तलवार पळवली. फायटर भडकला, 'वाढदिवसाची भेट परत घेतात का?' पुढच्या रविवारी कुणी आलंच नाही.

एसीला हात लावू नका. राक्षसांची संख्या वाढवा, दोन बाजूंनी आणा. तलवार एका वेळी एकाच ठिकाणी असते, त्यामुळे बाकीच्यांना काम मिळतं. हिट पॉइंट (किती मार सोसता येतो तो आकडा) थोडे वाढवले तरी चालतं, कारण निदान प्रत्येकाचा घाव लागतो तरी.

आता बाकीच्या, पटापट.

अट्यूनमेंटच्या (जादूची वस्तू पात्राशी जुळवून घेण्याच्या नियमाच्या) भरवशावर राहणं. तीन वस्तूंची मर्यादा आहे खरी, पण साध्या +१, +२, +३ हत्यारांना अट्यूनमेंट लागतच नाही. आधी नियम वाचा.

धनुष्य आणि बाण दोन्ही जादूचे देणं. दोन्हींचे प्लस एकत्र मिळतात. बाण द्या आणि मोजून द्या. लागला की त्याची जादू संपते.

खेळाच्या आधीच्या ३.५ आवृत्तीमधली जुनी साहसं जशीच्या तशी उचलणं. तिथे +५ पर्यंतची हत्यारं गृहीत धरलेली असायची आणि एसीही त्याच मापाने चढायची. इथे प्रौढ लाल ड्रॅगनची एसी १९ आहे.

ढालीचं विसरणं. प्लेट चिलखताचे १८, ढालीचे २, वर चिलखताचा जादूचा +१ आणि ढालीचा +२: एसी २३. ओगर या राक्षसाला डाइसवर १७ पडल्याशिवाय लागत नाही. हत्यारावर वाद घालणारे डीएम ढाल मात्र डोळे मिटून देतात.

आणि तलवार आधीच देऊन बसला असाल, तर चोरबीर आणू नका. सेशन सुरू व्हायच्या आधी, चहा होईपर्यंत, त्या खेळाडूशी सरळ बोला: +३ चा +१ करतो, बदल्यात दिवसातून एकदा तलवार पेटेल, दोन डी-सिक्स (सहा बाजूंचे डाइस) जादा डॅमेज. मी ज्यांना ज्यांना हे विचारलंय, त्यांनी पेटणारी तलवारच घेतली.