सोलर वॉटर हीटर बसवताना या चुका टाळा

पाणी हवं तसं तापेना की पहिला संशय काचेवर, नळ्यांवर नाहीतर टाकीवर जातो. पुष्कळदा यंत्र धडधाकट असतं, कलेक्टरची, म्हणजे ऊन झेलून पाणी तापवणाऱ्या भागाची, जागा चुकलेली असते. म्हणून कारागीर चौकट पक्की करायच्या आधी स्वतः गच्चीवर चढा.

उन्हाळ्यात जागा ठरवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. 30 अंश उत्तर अक्षांशावर एक मीटर उंच कठड्याची भरदुपारची सावली जूनच्या उत्तरार्धात जेमतेम 11 सेंटीमीटर पडते. तोच कठडा डिसेंबरच्या उत्तरार्धात 1.35 मीटर सावली टाकतो, आणि सकाळ-संध्याकाळ ती आणखी लांबते. गरम पाण्याची खरी गरज तेव्हाच असते! शेजारची इमारत, वरची टाकी, वाढणारं झाड, सगळ्यांचा विचार हिवाळ्यातल्या सूर्याने करा. सकाळी 9 ते दुपारी 3 कलेक्टरवर सावली नको.

दिशा डोळ्यांनी ठरवणं

उत्तर गोलार्धात तोंड दक्षिणेला, दक्षिण गोलार्धात उत्तरेला. पण लोखंडी चौकटीजवळ मोबाइलमधलं होकायंत्र भलतीच दिशा दाखवतं. शिवाय चुंबकीय उत्तर म्हणजे भौगोलिक उत्तर नव्हे. त्यापेक्षा ओळंबा टांगा. सूर्योदय आणि सूर्यास्त यांच्या बरोबर मधल्या वेळी दोरीची सावली जमिनीवर पडते, ती रेघ नेमकी उत्तर-दक्षिण असते.

अंशाअंशावरून वाद घालणं

कलेक्टरचा कल साधारण अक्षांशाइतका ठेवावा; हिवाळ्यात जास्त पाणी हवं असेल तर 10 ते 15 अंश वाढवावा. याहून काटेकोर व्हायची गरज नाही. ऊन काटकोनापासून 15 अंश तिरपं पडलं तरी साडेतीन टक्क्यांच्या आसपासच कमी मिळतं. त्यामुळे कल साधण्यासाठी कलेक्टर सावलीत सरकवणं हा निव्वळ तोट्याचा सौदा. अगदी आडवा मात्र ठेवू नका, धूळ साचते आणि पावसानेही धुऊन जात नाही.

टाकी आणि पाइप

पंप नसलेल्या हीटरमध्ये गरम पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं. त्यामुळे टाकीचा तळ कलेक्टरच्या वरच्या कडेपेक्षा उंच हवा, सपाट कलेक्टर असेल तर साधारण 30 सेंटीमीटर. कलेक्टरमधून टाकीकडे जाणारा पाइप सलग चढता ठेवा. मध्येच झोळ पडला तर हवा अडकते. कलेक्टर चटका बसेल इतका तापलाय आणि टाकी गार, असं दिसलं तर आधी तो झोळ शोधा. उलट, संध्याकाळी कढत असलेलं पाणी पहाटे गार मिळत असेल तर रात्री सपाट कलेक्टरला हात लावून पाहा. कोमट लागला तर टाकीतलं पाणी उलट फिरतंय, टाकी वर घ्या. गार लागला तर टाकीचं आणि पाइपांचं उष्णतारोधक आवरण तपासा.