लेझर वाऱ्याच्याच बाजूला उलटायची, तेव्हा

मुंबई बंदरात वारा पाठीमागून आला की माझी लेझर, म्हणजे एकट्याने चालवायची छोटी शिडाची होडी, डावी-उजवीकडे झोकांड्या खायची आणि तिसऱ्या झोक्याला वाऱ्याच्याच बाजूला उलटायची. सुकाणू धरून ठेवण्याचा काही उपयोग होत नसे.

लेझर ही ब्रूस कर्बी यांची रचना. लांबी 4.23 मीटर, एकच शीड, 7.06 चौरस मीटरचं. डोलकाठीला आधार देणारे बाजूचे ताणदोर नाहीत, त्यामुळे बूम (शिडाच्या तळाची आडवी काठी) होडीशी काटकोन करून त्यापलीकडेही जाते. मला हे सोयीचं वाटायचं. मुळात घोळ तिथेच होता.

एकदा वर पाहिलं. व्हँग, म्हणजे बूम खाली ओढून धरणारा दोर, अगदी सैल होता. बूम वर उचललेली, शिडाचा वरचा भाग पिळवटून नाळेच्याही (होडीच्या पुढच्या टोकाच्या) दिशेने पुढे गेलेला. वारा तिथूनच डोलकाठीचं टोक माझ्याकडे, म्हणजे वाऱ्याच्या बाजूला, ढकलत होता!

आता वारा पाठीमागे घेणाऱ्या वळणाआधी व्हँग थोडा आवळते. शिडाचा दोर इतकाच सोडते की बूम काटकोनाच्या जरा अलीकडे राहील. डॅगरबोर्डही (होडीच्या मधून पाण्यात उतरणारी उभी फळी) पूर्ण उचलत नाही, तिसरा हिस्सा पाण्यात ठेवते. होडी माझ्या बाजूला कलू लागली की आधी दोर झटकन आत ओढायचा, मग सुकाणूने नाळ किंचित वाऱ्याकडे. पूर्वी मी घाबरून दोर सोडायचे, त्याने होडी आणखीच कलायची.

गेल्या रविवारी जोराच्या वाऱ्यातही एकदाही उलटले नाही.