गाडी तापतेय? इंदूरच्या उन्हात कार्बोरेटर कसा लावावा

मे महिन्यात मोटारसायकलवर ओंकारेश्वरहून इंदूरला परतत होतो. बायको मागे बसलेली, दुपारचे तीन वाजलेले. बडवाह मागे टाकून भेरूघाट चढायला लागलो आणि तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज सुरू झाला. पिकअप गेला, इंजिनाच्या हेडची (वरच्या भागाची) धग पँटमधून पोटरीला लागू लागली. सावलीत गाडी बंद करून अर्धा तास बसलो. घरी आल्यावर इंजिन पूर्ण गार होऊ दिलं आणि स्पार्क प्लग काढला. आतलं पोर्सिलेन खडूसारखं पांढरं होतं, त्यावर बारीक करडे ठिपके.

आठवडाभर आधी एका गॅरेजवाल्याने अ‍ॅव्हरेज वाढवून देतो म्हणून कार्बोरेटरमधली, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागातली, सुई एक खाच खाली उतरवली होती आणि मिश्रणाचा स्क्रूही आवळला होता. अ‍ॅव्हरेज दोन-तीन किलोमीटरने वाढलंही, पण त्याची किंमत इंजिन मोजत होतं. एअर-कूल्ड (वाऱ्याने गार होणारी) गाडी तापते तेव्हा आपण ऊन, ऑइल, ट्रॅफिक यांना दोष देतो. माझ्या पाहण्यात निम्म्या वेळा मूळ असतं ते अ‍ॅव्हरेजसाठी लीन, म्हणजे पेट्रोल कमी केलेल्या मिश्रणात.

शुद्ध पेट्रोलच्या 1 किलोला पूर्ण जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. पेट्रोल त्याहून कमी पडलं की मिश्रण लीन. मग ज्वाळा सावकाश पसरते, जळणं लांबतं आणि पेट्रोलची वाफ होताना आत जो गारवा मिळतो तोही घटतो. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलच्या अंगातच ऑक्सिजन असल्याने या मिश्रणाला हवा कमी लागते, प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं. म्हणजे जुन्या पेट्रोलवर बरोबर लावलेला कार्बोरेटर आज काहीही न करता थोडा लीन झालेला आहे. त्यात पुन्हा स्क्रूने आणखी लीन करणं म्हणजे इंजिन भाजायला ठेवणं.

उलट एक गैरसमजही आहे, की उन्हाळ्यात गाडी लीन होते. खरं तर 42 अंशांची हवा 10 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 10 टक्के विरळ असते, त्यामुळे उन्हाळ्यात मिश्रण थोडं रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं. जानेवारीच्या थंडीत लावलेली गाडी मे महिन्यात जरा जड वाटते ती यामुळे. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, पण तेवढ्यासाठी कंपनीचा जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची नळी) बदलायची गरज नाही.

एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या नियमातल्या) गाड्यांत बहुतेक ठिकाणी इंजेक्शन आहे, मिश्रण सेन्सर आणि संगणक ठरवतात. तिथे फिरवायला स्क्रू नाही. एअर फिल्टर आणि थ्रॉटल बॉडी स्वच्छ ठेवा, मीटरवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लागला तर स्कॅन करून घ्या. पुढचं सगळं कार्बोरेटरवाल्यांसाठी.

स्क्रूला हात लावण्याआधी

एअर फिल्टर काढून बघा. कागदी असेल आणि काळा पडला असेल तर बदला, फुंकर मारून भागवू नका. फोमचा असेल तर धुऊन, वाळवून, हलकं ऑइल लावून बसवा. मग कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधलं रबर वाकवून बघा. जुन्या गाडीत तिथे केसाएवढी चीर हमखास सापडते. खात्री करायची तर गाडी स्लोवर (रेस न देता) चालू ठेवून ब्रशने त्या जोडावर साबणाचं पाणी लावा. आवाज बदलला की तिथून चोरटी हवा आत जातेय असं समजा. ही गळती असताना कितीही ट्यूनिंग करा, दोन दिवसांत पुन्हा तेच. टॅपेटही (व्हॉल्व्हची फट) गार इंजिनावर, मॅन्युअलमधल्या मापाने बघून घ्या. एक्झॉस्टचा टॅपेट घट्ट असेल तर व्हॉल्व्ह जळतो.

आता स्क्रू

मोकळ्या हवेत, धूर साचणार नाही अशा जागी गाडी लावा. इंजिन पूर्ण तापलेलं हवं, म्हणून आधी दहा मिनिटं चालवून आणा. चोक बंद.

तुमचा स्क्रू कोणता ते आधी ओळखा, कारण इथेच सगळ्यांचा घोटाळा होतो. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा. आवळला की मिश्रण रिच होतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा. आवळला की लीन होतं. दोन्ही अगदी उलट. शेजारच्याच्या गाडीवर पाहिलेलं आपल्या गाडीवर करायला जाऊ नका.

गाडी बंद करा. स्क्रू हलक्या हाताने आवळत पूर्ण आत न्या आणि किती फेरे गेले ते मोजून लिहून ठेवा. शेवटी जोर लावू नका, टोक सुईसारखं बारीक असतं, दाबलं की बैठकीत खाच पडते आणि मग कार्बोरेटरच बदलावा लागतो. आता दीड ते दोन फेरे उघडा. गाडी चालू करा आणि स्लोच्या स्क्रूने आवाज नेहमीपेक्षा जरा वर घ्या. मग मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवा, प्रत्येक वेळी पाच-सहा सेकंद थांबून ऐका. एका जागी इंजिन सगळ्यात वेगात आणि एकसारखं फिरतं. पुढे गेलात की अडखळतं, मागे आलात की मंदावतं. ती जागा सापडली की तिथून रिचच्या बाजूला पाव फेरा सरका आणि स्लो परत मॅन्युअलच्या आकड्यावर आणा. 100 ते 150 सीसीच्या बऱ्याच गाड्यांत तो 1400 च्या आसपास असतो. पाव फेरा रिच ठेवणं ही माझी स्वतःची सवय. अ‍ॅव्हरेज थोडं जातं, पण सिग्नलवर गाडी शांत उभी राहते.

ही जागा सापडतच नसेल, साडेतीन फेरे उघडूनही फरक पडत नसेल, तर स्लो जेट चोंदलेला आहे. तो काढून क्लीनरने आणि हवेने साफ करा. तार घालू नका, भोक मोठं होतं.

हा स्क्रू फक्त पाव थ्रॉटलपर्यंत काम करतो. त्यापुढे पाऊण थ्रॉटलपर्यंत सुई, आणि त्याच्याही वर मेन जेट. माझी गाडी घाटात ठोकत होती ती सुईमुळे. सुईची क्लिप एक खाच खाली बसवली की सुई वर उचलली जाते आणि मिश्रण रिच होतं. मी तेवढंच केलं, आवाज थांबला. काही कार्बोरेटरमध्ये सुईला खाचा नसतात, तिथे कंपनीचीच सुई राहू द्या.

अंदाज घ्यायची सोपी खूण: चालत्या गाडीत चोक किंचित ओढून बघा. गाडी सुधारली तर ती लीन होती, आणखी घुसमटली तर रिच. थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट आवाज येणं, रेस खाली यायला वेळ लागणं, ही लीनचीच लक्षणं. काळी काजळी धरलेला प्लग आणि पेट्रोलचा वास म्हणजे रिच. बरोबर जुळलेल्या गाडीचा प्लग फिकट बदामी दिसतो.

उष्णता बाहेर काढणं

पावसाळ्यात माळव्याची काळी माती हेडच्या पट्ट्यांमध्ये जाऊन बसते आणि वाळून विटेसारखी होते. बाहेरून गाडी चकचकीत दिसते, पण हवा आत शिरत नाही. इंजिन गार असताना जुन्या टूथब्रशने ती काढा. तापलेल्या हेडवर पाणी कधीही मारू नका, धातूला तडा जाऊ शकतो. थंडीत लेगगार्डला बांधलेलं रेक्झीन मार्चमध्ये सोडा.

ऑइलची पातळी दर पंधरा दिवसांनी बघा. ऑइल फक्त घर्षण कमी करत नाही, उष्णताही वाहून नेतं. ग्रेड मॅन्युअलमधलाच. ब्रेक घासत असेल किंवा चेन अति घट्ट असेल तर इंजिनावर नाहक भार पडतो; मेन स्टँडवर मागचं चाक हाताने फिरवलं की लगेच कळतं.

पलासिया किंवा विजयनगरच्या सिग्नलवर तीस सेकंदांहून जास्त दिसत असतील तर गाडी बंद करा, उभ्या गाडीला वारा नसतो. घाटात वरच्या गिअरमध्ये कण्हत चढू नका, एक गिअर खाली घ्या. उन्हात थांबवलेली गाडी पाच मिनिटांनी चालू होत नसेल तर फ्लोट बोलमधलं (कार्बोरेटरखालच्या वाटीतलं) पेट्रोल तापून त्याची वाफ झालेली असते. चोक न लावता, थ्रॉटल उघडा धरून किक मारा, किंवा सावलीत दहा मिनिटं थांबा.

सगळं झाल्यावर किती फेरे उघडले तो आकडा, तारीख आणि महिना एका चिठ्ठीवर लिहून सीटखाली चिकटवा. 100 किलोमीटर चालवून प्लग पुन्हा काढा आणि दिवसाच्या उजेडात रंग बघा. बदामी असेल तर पेचकस परत डब्यात ठेवा, आणि डिसेंबरमध्ये थंडी पडली की ती चिठ्ठी काढून पुन्हा ऐकायला बसा.